जोर नको, दम धर!

"आई, बेल्ट परत ओरडतोय गं!" लेकीने गाडीतून हाक मारली आणि माझ्या पोटात गोळाच आला. दिवस सोमवारचा. मंगळवारी सासूबाईंचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा सकाळी सातला आम्ही डोंगरीहून भाईंदरला निघतो. आमचे 'हे' नोकरीनिमित्त नाशिकला, येतात ते शनिवारी. म्हणजे गाडीचं काय ते मीच बघायचं.

गाडी म्हणजे आमची जुनी मारुती ८००. हे मॉडेल पहिल्यांदा रस्त्यावर आलं १९८३ च्या डिसेंबरात, आणि २०१४ साली कंपनीने ते बनवणं थांबवलं. आमची मात्र अजून चालते. तिच्या इंजिनात एका पट्ट्यावर दोन गोष्टी फिरतात : बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप. पट्टा ढिला पडला की किंचाळतो. तसंच चालवत राहिलं तर बॅटरी बसते, इंजिन तापतं. उपाय साधा. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, तो थोडा बाहेर ओढून पट्टा ताणायचा, बोल्ट पुन्हा आवळायचे. यांना करताना मी कितीदा पाहिलं होतं. म्हटलं, त्यात काय एवढं?

घरात नळाचा पाना होता. तोच लावला आणि सगळा जीव एकवटून हिसका दिला. पाना सटकला, बोटांची सालटी निघाली आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून तो गोल झाला. आता पाना धरेल कशाला?

मंगळवारी रिक्षाने गेलो. जाताना ठीक होतं. पण डायलिसिसनंतर सासूबाईंच्या अंगात त्राण नसतं. परतताना प्रत्येक खड्ड्याला त्या माझा हात घट्ट धरत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. मलाच अपराधी वाटत राहिलं. एका बोल्टपायी, आणि माझ्या घाईपायी!

संध्याकाळी उत्तनहून आमच्या ओळखीचे एक काका आले. सगळी हयात मच्छीमार बोटींच्या इंजिनांत गेलेली. बोल्ट पाहून हसले. म्हणाले, "जोर तुझ्याकडे आहे, बाय. दम नाही. जोर नको, दम धर!"

मग त्यांनी समजावलं. आपल्याकडे एका बाजूला समुद्र, भाईंदरकडे मिठागरं. हवेतच मीठ. ओलावा आणि मीठ एकत्र आले की लोखंड लवकर गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बोल्टच्या आट्यांत फट असते ती केसाएवढी. तिथे गंज फुगला की बोल्ट जणू जागच्या जागी चिणला जातो. वरून कितीही ओढा, आतला गंज सुटल्याशिवाय तो हलणार नाही.

मैत्रिणींनो, पुढचं मी वहीत लिहून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.

इंजिन पूर्ण गार हवं. किल्ली काढायची आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो. पाना तिथे टेकला तर ठिणगी उडते. मग तारेच्या ब्रशने वरचा गंज साफ करायचा. त्यावर गंज सोडवणारं पातळ तेल मारायचं. हे तेल बारीक फटीत आपणहून झिरपतं. पट्ट्यावर मात्र प्लॅस्टिक झाकायचं, त्याला तेल लागलं तर तो आणखीच घसरेल. नंतर हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. एवढं झालं की गाडी तशीच सोडून द्यायची. हीच पायरी सर्वांत अवघड! मी मंगळवारी रात्री तेल मारलं, बुधवारी सकाळी आणि दुपारी पुन्हा मारलं.

दुकानात मिळणारा डब्ल्यूडी-४० चा फवारा तुम्ही पाहिला असेल. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तो तयार झाला, ओलावा हटवून लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नाला जमला, म्हणून नावात चाळीस. आपण पहिल्याच हिसक्याला हताश होतो!

बुधवारी संध्याकाळी काका पुन्हा आले. झिजलेलं डोकं त्यांनी कानशीने थोडं घासलं आणि एक नंबर लहान रिंग पाना हलकेच ठोकून बसवला. रिंग पाना बोल्टला चहूबाजूंनी धरतो, म्हणून सटकत नाही. "आता तू," म्हणाले. "आधी आवळायच्या दिशेला एक केसभर, मग सोडायच्या." नवलच वाटलं, पण त्यानेच गंजाची पकड सुटते. पाना ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा, म्हणजे सटकला तरी बोटं वाचतात. दांड्याला पाइप लावला तर जोर कमी लागतो. पण फार लांब पाइप लावला तर बोल्टच तुटतो.

मी हळूच ओढलं. 'कट्' असा आवाज आला. लेकीने टॉर्च हलवला, इतका आनंद झाला तिला! थोडं पुढे, थोडं मागे करत बोल्ट बाहेर आला. भाईंदरहून नवा आणून ठेवला होता, त्याच्या आट्यांना ग्रीस लावून तो बसवला. ग्रीस असलं की बोल्ट सहज जास्त आवळला जातो, तेव्हा तिथेही बेतानेच.

दोन गोष्टी मात्र काकांनी बजावल्या. पेट्रोलच्या गाडीत बोल्ट तापवायला ज्योत लावायची नाही, ते काम गॅरेजवाल्याचं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

गुरुवारी सातला आम्ही आमच्या गाडीतून निघालो. पट्टा गप्प होता. येताना सासूबाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि घर येईपर्यंत शांत झोपल्या.

शनिवारी यांनी बॉनेट उघडलं. "कुणाकडून करून घेतलंस?" मी काहीच बोलले नाही, नुसती बोटांवरची सालटी दाखवली. त्यांनी ती पाहिली, मग नवा बोल्ट पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मलाही शिकव."

आमच्या बचत गटात हे सांगितलं, तर एकीने दुसऱ्याच दिवशी शिवणयंत्राचा जाम झालेला स्क्रू असाच सोडवला. रात्रभर तेल घालून ठेवलं होतं म्हणे.