ना सभासदत्व, ना मतदान: इंटरनेटचे नियम कोण ठरवतं?

येलदरी धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. पूर्णा नदीच्या पाण्यावर संच फिरायला लागला की लगेच ग्रिडला जोडला, असं होत नाही. आधी त्याची वारंवारिता ग्रिडच्या ५० हर्ट्‌झशी जुळवावी लागते. जुळत नाही तोवर जोडणी नाही. कुणीतरी ठरवलेलं आणि सगळ्यांनी पाळलेलं माप, मानक म्हणतात ते हेच. विजेचं हे माप ठरून जमाना झाला. इंटरनेटची मापं मात्र अजून ठरताहेत, आणि ती ठरवायला बसण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. येलदरी कॅम्पातल्या किंवा जिंतूरच्या कॉलेजातल्या पोरांना हे सांगितलं की आधी ती हसतात. मग शंका काढतात, आणि त्या शंका बहुतेक त्याच त्याच असतात.

"हे सगळं अमेरिकेचं सरकार ठरवतं, नाहीतर गूगल."

सुरुवात अमेरिकी सरकारच्या पैशातून झाली, हे खरं. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ, या संघटनेची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगोला झाली. तेव्हा २१ जण हजर होते आणि ते सगळे सरकारी पैशावर काम करणारे संशोधक होते. पुढे दारं उघडली ती सगळ्यांसाठीच. आज ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा जावा, ब्राउझरने वेबसाइटशी कसं बोलावं, यूपीआयचा व्यवहार करताना मधल्या कुणाला तो वाचता येऊ नये म्हणून कुलूप कसं लावावं, अशा गोष्टींचे नियम इथे लिहिले जातात.

या संघटनेला सभासदच नाहीत. अर्ज, ओळखपत्र, वार्षिक वर्गणी यातलं काही नाही. देशांना इथे जागा नाही आणि कंपन्यांनाही नाही. जो येतो तो व्यक्ती म्हणून, स्वतःच्या नावाने. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालच्या आयटीयूमध्ये सरकारं बसतात, मोबाइलची मानकं लिहिणाऱ्या थ्रीजीपीपीमध्ये संस्थांमार्फत जावं लागतं. या तिघांना एकाच मापाने मोजण्यातूनच बरेच गैरसमज होतात.

पण भोळेपणाही नको. व्यक्ती म्हणून बोलणाऱ्या बहुतेकांचा पगार सिस्को, गूगल, हुआवे, एरिक्सन अशा कंपन्यांकडूनच येतो. दार उघडं असणं वेगळं आणि रोज आत येऊन बसायला सवड असणं वेगळं. ही सवड ज्याला पगारातून मिळते त्याचं पारडं जड राहतं, आणि संघटनेतल्या लोकांनाही हे ठाऊक आहे.

"मतदान होत असेल. त्यात आपल्या एका मताला कोण विचारतो?"

मतदान होतच नाही. १९९२ साली डेव्हिड क्लार्क या शास्त्रज्ञाने एका भाषणात या मंडळींची रीत सांगितली होती: राजा नको, अध्यक्ष नको, मतदानही नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड एवढ्यावर आमचा विश्वास. ती रीत आजही पाळली जाते.

सहमती मोजतात कशी, हे बघण्यासारखं आहे. एकेका विषयाच्या कार्यगटाच्या बैठकीत अध्यक्ष विचारतात, अमुक पर्याय ज्यांना मान्य आहे त्यांनी हुंकार द्या. मग खोलीत शंभरएक माणसं तोंड मिटून 'हूंऽऽ' करतात. नंतर दुसऱ्या पर्यायासाठी हुंकार. हात वर करायला लावले तर डोकी मोजली जातात आणि कोण कुठल्या बाजूला आहे तेही दिसतं. हुंकारातून नुसता कल कळतो. ऑनलाइन आलेल्यांसाठी आता पडद्यावर बटण असतं, पण तोही कलच, निकाल नव्हे.

पीट रेझनिक यांनी २०१४ साली आरएफसी ७२८२ हा दस्तऐवज लिहिला. त्यातलं एक प्रतिपादन ऐकून आपल्याकडच्या राजकारणाला घेरी येईल. पाचजण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ढोबळ सहमती झालेली असू शकते, असं ते म्हणतात. कारण त्या शंभरांकडे नापसंतीपलीकडे तांत्रिक मुद्दा नसेल, तर मोजायचं काय? याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. एकट्या माणसाने खरी अडचण दाखवली, तर ती संख्याबळावर गाडता येत नाही. तिला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पटलंच पाहिजे असं नाही, पण अडचण विचारात घेतली गेली हे दिसावं लागतं.

"आरएफसी म्हणजे इंटरनेटचा कायदा."

आरएफसी हे या दस्तऐवजांच्या मालिकेचं नाव. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. आता आकडा ९,००० च्या पुढे गेला आहे. यातले सगळे मानक नाहीत. काही माहितीपर, काही प्रायोगिक, काही केव्हाच मोडीत निघालेले. हा घोळ इतका जुना की 'सगळे आरएफसी मानकं नसतात' असं सांगणारा वेगळा आरएफसीच १९९५ साली काढावा लागला. १ एप्रिल १९९० चा आरएफसी ११४९ तर कबुतरांच्या पायाला डेटा बांधून पाठवण्याची पद्धत गंभीर चेहऱ्याने सांगतो. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी मंडळींनी ती खरोखर करून पाहिली. नऊ संदेश सोडले, चारांची उत्तरं परत आली. पावसाळ्यात आमच्याकडच्या मोबाइल टॉवरची कामगिरी याहून फार वेगळी असते असं नाही.

जे खरोखर मानक आहेत, तेही कुणावर बंधनकारक नाहीत. पाळले नाहीत म्हणून दंड होत नाही. एवढंच की तुमचं यंत्र इतरांशी बोलू शकत नाही.

"खेड्यातल्या माणसाचं तिथे काय काम?"

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि माझ्या मते सगळ्यात चुकीची हीच आहे.

'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात डोंगरांमधल्या खोलगट जागा, दुसऱ्यात समुद्र. फरक फक्त र कसा जोडला याचा. 'दऱ्या'तला हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलंत. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे.

२००३ साली देवनागरीसारख्या लिप्यांत वेबसाइटचे पत्ते लिहिता यावेत म्हणून पहिले नियम आले. त्यांत ही न दिसणारी चिन्हं पत्त्यातून सरळ गाळून टाकायची असं ठरलं. इंग्रजीच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नव्हतं. मराठीत मात्र दुसऱ्या तऱ्हेने टंकलेल्या 'दऱ्या'तलं चिन्ह गळालं की मागे राहतो तो 'दर्या'. दोन वेगळे शब्द, पत्ता एकच. ऑगस्ट २०१० च्या आरएफसी ५८९२ मध्ये यावर तोडगा आला: ही चिन्हं सरसकट चालणार नाहीत, पण हलंतानंतर आली तर चालतील.

प्रश्न तिथे संपला नाही. चिन्ह चालू द्यावं तर सारखे दिसणारे दोन वेगळे पत्ते तयार होतात, आणि बँकेच्या नावाची हुबेहूब नक्कल करू पाहणाऱ्या ठगाला तेच हवं असतं. म्हणून पत्त्याच्या अगदी शेवटच्या भागात, जिथे '.भारत' येतं तिथे, ही चिन्हं आजही चालत नाहीत. त्या भागात कुठली अक्षरं कशी जोडता येतील हे ठरवायला इंटरनेटच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या अंतर्गत निओ-ब्राह्मी नावाचं मंडळ होतं. देवनागरी धरून नऊ लिप्यांचे नियम त्यांनी अक्षर अक्षर तपासून बांधले, आणि पुण्याच्या सी-डॅकमधल्या तज्ज्ञांचा त्यात वाटा होता. '.भारत' देवनागरीत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. त्या एका लिपीत मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी अशा अनेक भाषांचे हिशेब सांभाळायचे होते. 'तऱ्हा' हा शब्द रोज लिहिणारा माणूस अशा चर्चेत नसेल, तर तिथल्या हुशार माणसांनाही ही अडचण सुचणार नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्या भाषेत ती अडचणच नाही.

दुसरं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने तिथल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन पाहिलं. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येते, पण तिथून वाड्या-वस्त्यांवर न्यायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. येलदरीच्या आसपासच्या तांड्यांचाही तोच प्रश्न आहे. याच सुमाराला टीएसडीएसआय या भारतीय मानक संस्थेमार्फत आयटीयूपुढे एक मागणी गेली. ५जीची ग्रामीण चाचणी तासाला १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला धरून होत होती. भारतातला ग्रामीण ग्राहक पायी चालतो, आणि मनोरे एकमेकांपासून सहा किलोमीटरवर असले तरच तिथे सेवा देणं परवडतं. आयटीयूने ही अट मान्य करून जगाच्या ५जी निकषांत घातली. पुढे करंदीकरांच्या गटाच्या ग्रामीण जाळ्याच्या आराखड्यावरून आयईईई या मानक संस्थेचं २०६१ हे मानकही झालं. ही वाट संस्थांच्या मार्फत जाणारी होती, खर्चिक होती, वर्षानुवर्षं चालली. आयईटीएफमध्ये असा मुद्दा मांडायला मात्र एक ई-मेल पत्ता पुरतो.

"इंजिनिअरची पदवी लागत असेल, आणि फाडफाड इंग्रजी."

पदवी कुणी विचारत नाही. इंग्रजी मात्र लागतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लागतं ते वाचण्या-लिहिण्याचं. शंभराहून जास्त कार्यगट आहेत. त्यातल्या प्रत्येकाची सनद असते, म्हणजे काय करायचं आणि काय नाही याचं एक-दोन पानांचं पत्र. तिथून सुरुवात करावी. मग एक मसुदा घ्यावा. मसुदा कुणीही दाखल करू शकतो आणि नवी आवृत्ती आली नाही तर सहा महिन्यांत तो आपोआप कालबाह्य होतो. तो वाचून 'चौथ्या प्रकरणातली ही ओळ दोन अर्थांनी वाचता येते' एवढं जरी कार्यगटाच्या ई-मेल यादीवर कळवलं, तरी तो सहभाग झाला. कोड लिहिता येत असेल तर बैठकीच्या आधीच्या शनिवार-रविवारी हॅकेथॉन असते. तिला शुल्क नाही.

एक सावधगिरी. तिथे बोललेलं, लिहिलेलं सगळं सार्वजनिक असतं आणि कायम राहतं. मुद्द्यामागे तुमचं किंवा तुमच्या मालकाचं पेटंट आहे असं तुम्हाला माहीत असेल, तर ते सांगावं लागतं.

"परदेशवारी केल्याशिवाय काही हाती लागत नाही."

बैठका वर्षातून तीनदा, आठवडाभराच्या. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया अशा आळीपाळीने. भारतात एकही झालेली नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळच्या म्हणजे सिंगापूर आणि बँकॉकच्या. प्रत्यक्ष जायचं तर नोंदणीच शेकडो डॉलरच्या घरात, वर विमान, हॉटेल, व्हिसा. आयोजक निमंत्रणाचं पत्र देतात, पण वकिलातीला ते पुरतंच असं नाही. व्हिसा नाकारला जाण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की कुठल्या देशात प्रवेश मिळणं सोपं आहे, हा आता बैठकीची जागा निवडण्याचा लेखी निकष आहे. प्रवास अनुदानं आहेत, पण ती मोजक्यांनाच मिळतात. भारतातून जाणारे बहुतेक कंपनीच्या खर्चाने जातात. त्यांतले काही वरपर्यंतही गेले. बेंगळुरूचे ध्रुव धोडी २०२३ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डावर निवडले गेले. केतन तळावलीकर २०२५ मध्ये आयईटीएफच्या राउटिंग विभागाचे एक संचालक झाले. दोघांच्याही मागे मसुदे लिहिण्याची बरीच वर्षं आहेत.

पण खोलीत झालेला निर्णय अंतिम नसतो. तो ई-मेल यादीवर पुन्हा ठेवावा लागतो, म्हणजे न आलेल्यांनाही हरकत घेता येते. मार्च २०२० ची व्हँकूव्हरची बैठक साथीमुळे पूर्ण ऑनलाइन घ्यावी लागली. तेव्हापासून दूरवरून भाग घेणं दुय्यम राहिलेलं नाही. ऑनलाइन नोंदणीला शुल्क असतं, पण ते परवडत नाही म्हटलं की माफ होतं.

त्रास होतो तो घड्याळाचा. सकाळी साडेनऊचं सत्र बँकॉकला असेल तर आपल्याकडे आठ वाजलेले असतात, जुलैत माद्रिदला असेल तर दुपारचा एक, आणि व्हँकूव्हरला असेल तर रात्रीचे दहा. व्हँकूव्हरचा तो आठवडा रात्रपाळीचा धरून चालावा. मध्येच दोन तास वीज गेली तर सत्राचं चित्रण नंतर बघता येतं. कॉरिडॉरमधल्या चहाच्या गप्पा तेवढ्या हुकतात, आणि त्यांचं मोल खोटं नाही. अर्धे तंटे तिथेच मिटतात. माझं मत विचाराल तर तिकिटाचा विचार दुसऱ्या वर्षी करावा, तोवर आपला मसुदा कुणीतरी वाचलेला असतो आणि भेटायला माणसं असतात.

"नेते तर त्यांच्यातलेच निवडतात."

संचालक आणि मंडळांवरची माणसं एक नामनिर्देशन समिती ठरवते. तिच्यातले मत देणारे दहाजण निवडणुकीने येत नाहीत, चिठ्ठ्या टाकून येतात. इच्छुकांची यादी आधी जाहीर होते, मग लॉटरीच्या निकालासारखे आधीपासून घोषित केलेले सार्वजनिक आकडे घेऊन ठरलेल्या सूत्राने दहा नावं काढतात, म्हणजे कुणालाही घरी बसून तो हिशेब पडताळता येतो. एका मालकाची दोनपेक्षा जास्त माणसं समितीत चालत नाहीत. यादीत नाव घालायची नेहमीची पात्रता म्हणजे मागच्या पाचपैकी तीन बैठकांना हजेरी, आणि ऑनलाइन हजेरी आता त्यात धरली जाते. म्हणजे साधारण वर्षभर रात्री जागलेल्या माणसाला, पासपोर्ट नसतानाही, त्या यादीत नाव देता येतं.