आठ एमएमच्या सळईचं वजन शून्य

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतो. तिथे सळईचं वजन तोंडी काढणारी माणसं जागोजागी भेटतात. व्यासाचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमची सळई घ्या. १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ८८९ ग्रॅम. सळई बारा मीटर लांब, म्हणून एका नगाचं वजन १०.६७ किलो. पोलादाच्या घनमीटरचं वजन ७,८५० किलो धरतात. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा आणि मिलिमीटरचे मीटर करण्याचा हिशेब त्यात घातला की सगळं आटून खाली तो १६२ उरतो.

मी पनवेलमध्ये संध्याकाळच्या बॅचला प्रोग्रॅमिंग शिकवते. दिवसा बाजारातल्या ऑफिसांत बिलं करणारी काही मुलं-मुली त्यात असतात. म्हणून फंक्शनचा धडा मी सळईवरच घेते. फंक्शनला काहीतरी द्यायचं, त्याने ठरलेली कृती करायची आणि उत्तर परत करायचं. जे द्यायचं ते आर्ग्युमेंट. फंक्शनला एरवी नाव ठेवतात, पण काम तेवढ्यापुरतंच असेल तर ते बिननावाचंही चालतं. जावास्क्रिप्टमध्ये असं:

व्यास => व्यास * व्यास / १६२

हा खराखुरा, चालणारा कोड आहे. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, आकडे तेवढे इंग्रजीत टाइप करावे लागतात. बाणाच्या डावीकडे काय येणार ते, उजवीकडे त्याचं काय करायचं ते. फंक्शनला नाव नाही, पण आत येणाऱ्या आकड्याला आहे, आणि ते नाव त्या ओळीपुरतंच जगतं.

इथवर कुणालाच अडचण येत नाही. अडचण येते ती दुसऱ्या आर्ग्युमेंटपाशी. सळईची लांबी बदलू शकते, म्हणून वर्गातल्या एका मुलीने ती जोडली आणि काहीच दिलं नाही तर बारा धर, असंही सांगून ठेवलं:

(व्यास, लांबी = १२) => व्यास * व्यास / १६२ * लांबी

मग ८, १०, १२ आणि १६ एमएमची यादी घेतली आणि ‘मॅप’ला सांगितलं, यातल्या प्रत्येकावर हे चालव. उत्तरं यायला हवी होती ४.७४, ७.४१, १०.६७ आणि १८.९६. आली ०, ०.६२, १.७८ आणि ४.७४. “मॅडम, आठ एमएमचं वजन शून्य कसं?” रोज टनावारी सळईची बिलं करणाऱ्या मुलीचा हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर नीट द्यायलाच हवं.

नावाचं फंक्शन आपण लिहितो आणि बहुतेक वेळा आपणच बोलावतो. त्याला काय द्यायचं, किती द्यायचं, हे आपल्या हातात असतं. निनावी फंक्शन आपण लिहून दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ते कधी बोलवायचं, त्याच्या हातात किती वस्तू ठेवायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे तो दुसरा ठरवतो. जावास्क्रिप्टचा मॅप दर वेळी तीन वस्तू देतो: यादीतला घटक, त्याचा क्रमांक आणि अख्खी यादी. क्रमांक शून्यापासून सुरू होतो. आपल्या फंक्शनने दुसरी वस्तू ‘लांबी’ म्हणून घेतली, कारण आर्ग्युमेंट ओळखली जातात ती जागेवरून. आपण ठेवलेलं नाव मॅपला दिसतही नाही. पहिल्या सळईची लांबी शून्य मीटर झाली, दुसरीची एक, तिसरीची दोन, चौथीची तीन. बाराचा आकडा वापरायची वेळच आली नाही. तो काहीच न मिळाल्यावर लागू होतो, आणि शून्य म्हणजे काहीच नाही असं नव्हे.

यातलं शेवटचं उत्तर मला सर्वांत धोक्याचं वाटतं. सोळा एमएमची तीन मीटर सळई आणि आठ एमएमची बारा मीटर सळई वजनाला अगदी सारखी भरते, कारण व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं. म्हणजे चुकीच्या ओळीत एक अस्सल दिसणारं ४.७४ येऊन बसलं. शून्य डोळ्यात खुपतं, हे खुपत नाही.

जगभरचे प्रोग्रॅमर याच चकव्यात सापडतात. मजकुरातले ‘१’, ‘२’, ‘३’ आकड्यांत बदलायला ‘पार्सइंट’ थेट मॅपच्या हाती दिलं, की पहिला नीट येतो आणि उरलेल्या दोघांना ‘हा आकडा नाही’ असा शेरा मिळतो. पार्सइंट दुसरी वस्तू अंकपद्धतीचा पाया म्हणून घेतं, आणि मॅप तिथे क्रमांक ठेवतो. जावास्क्रिप्ट जास्तीची आर्ग्युमेंट मुकाट्याने टाकून देते, कमी पडली तर जागा रिकामी ठेवून पुढे जाते. पायथन असं करत नाही. आर्ग्युमेंटची संख्या जुळली नाही तर ती तिथेच थांबते आणि किती हवी होती, किती आली ते सांगते. एक्सेलमध्ये २०२० च्या अखेरीस लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, आलं, तेही संख्या चुकली की चौकटीत एरर दाखवतं. नवशिक्यांसाठी मला हा कडकपणाच बरा वाटतो.

दुरुस्तीची वाट मात्र खूप जुनी आहे. १९३० च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने लॅम्डा कलन मांडलं. निनावी फंक्शनचं मूळ तिथे आहे. त्याच्या मांडणीत फंक्शन एका वेळी एकच आर्ग्युमेंट घेतं. दोन हवी असतील तर पहिलं घ्यायचं आणि दुसऱ्याची वाट पाहणारं नवं फंक्शन परत करायचं. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेवर काम सुरू केलं, तिच्यात लॅम्डा आलं. जावात ते पोचायला २०१४ उजाडलं, आणि जावास्क्रिप्टला बाण मिळाला २०१५ मध्ये. चर्चच्या रीतीने आपली सळई अशी:

लांबी => व्यास => व्यास * व्यास / १६२ * लांबी

याला आधी १२ द्या. हाती येतं ते फक्त व्यास मागणारं निनावी फंक्शन, ज्याने बारा मीटर लक्षात ठेवले आहेत. ते मॅपला द्या. मॅप तीन वस्तू देईल, हे एक घेईल. चारही वजनं बरोबर आली तेव्हा त्या मुलीने ती ऑफिसच्या तक्त्याशी एकेक करून ताडून पाहिली. अशी विद्यार्थिनी मिळणं हे शिकवणाऱ्याचं भाग्य.

पुढच्या आठवड्यात तिने सळईचा भाव जोडला, आर्ग्युमेंट म्हणून नव्हे, वर वेगळ्या ओळीत, आणि फंक्शनच्या आत नुसतं ‘भाव’ लिहिलं. हे चालतं. निनावी फंक्शन आजूबाजूची नावं वापरू शकतं. पण अशा नावाची किंमत ते लिहिताना वाचली जात नाही, चालताना वाचली जाते. सकाळी तयार केलेलं फंक्शन दुपारी चालवलं आणि मधे भाव बदललेला असेल, तर हिशेब नव्या भावाने होतो. चालू भावाचा फलक दाखवायचा असेल तर हेच हवं. बिलाला मात्र सौदा ठरला तेव्हाचाच भाव लागतो, म्हणून तिथे मी भाव आर्ग्युमेंटमधूनच द्यायला लावते.