मोटारसायकलचा हिंवाळी मुक्काम

इंग्लंडांत डिसेंबर उजाडला कीं दुपारीं चारच्या सुमारासच दिवस मावळूं लागतो. ज्यांच्या घरीं मोटारसायकल आहे त्यांच्यापुढें त्याच्या कितीतरी आधींच एक प्रश्न उभा राहिलेला असतो : हें यंत्र आतां तीन-चार महिने ठेवावयाचें कोठें? कोंकण किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीं होड्या ओढून वर घेतात आणि झांपांनीं शाकारतात, त्याच जातीचें हें काम. फरक एवढाच कीं होडी ओढावयास सारी आळी धांवून येते. मोटारसायकल ओढावयास बहुधा घरचा एकटा मालकच असतो.

यंत्राचा खरा वैरी थंडी नव्हे, मीठ होय. रस्त्यावर बर्फ धरूं नये म्हणून तिकडे खडेमीठ पसरतात. चेशायर परगण्यांतील विन्सफर्ड येथें जमिनीखालीं या मिठाची मोठी खाण आहे. मीठ मिसळलेलें पाणी शून्य अंशाखालीं गेलें तरी लगेच गोठत नाहीं, म्हणून रस्ता निसरडा होत नाहीं. परंतु तेंच खारें पाणी चाकांनीं उडून सांध्यासांध्यांत शिरतें. जेथें पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांस चिकटलेलें असेल तेथें विजेच्या घटांत चालते तशी क्रिया सुरू होते, आणि तींत बिचारें ॲल्युमिनियम झिजूं लागतें. म्हणून शहाणे लोक पहिलें मीठ पडण्यापूर्वींच गाडी धुऊन, पुसून, परसांतील लांकडी खोपटांत नेऊन ठेवतात.

हें खोपटें मुळांत फावडीं, कुदळी आणि गवत कापण्याचें यंत्र ठेवण्यासाठीं बांधलेलें. नेहमीं आढळणारें माप आठ फूट लांब व सहा फूट रुंद. फळ्या अर्ध्या इंचाच्या आंतबाहेर, त्यांखालीं आडवे वासे. जमिनीची ओल लागूं नये म्हणून तळ कधीं कधीं सहा इंचांपर्यंत उचललेला असतो. आतां मोटारसायकलचें माप पाहावें. रॉयल एनफील्ड हें नांव मूळ इंग्लंडांतील रेडिच गांवचें. १९५५ पासून मद्रासेंत त्या गाड्या जुळवूं लागले, आणि आज तेथून त्याच नांवाच्या गाड्या उलट इंग्लंडांत जातात. या कारखान्याची क्लासिक ३५० ही गाडी २१४५ मिलिमीटर लांब, ७८५ मिलिमीटर रुंद व १९५ किलो वजनाची आहे. आठ फूट म्हणजे २४३८ मिलिमीटर. म्हणजे गाडी आंत गेल्यावर पुढें-मागें मिळून जेमतेम फूटभर जागा उरते. अर्थात् खोपटाचें दार आखूड भिंतींत असलें तरच ती सरळ आंत शिरेल. लांब भिंतींत असेल तर आंत वळविण्याचा विचारच सोडावा. दार अडीच फुटांचें, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचें असेल, तर गाडीचें हँडल दारापेक्षां बोटभर रुंद भरतें. अशा वेळीं आरसे काढून, हँडल वळवून, एक मूठ आधीं आणि दुसरी मागून अशी तिरपी आंत घालावी लागते. हें जमतें, पण सपाटीवर. चढावर तें करूं पाहणें धोक्याचें आहे.

सहा इंचांचा उंबरठा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. तीन फुटांची फळी टेकून गाडी चढवावयाची म्हटली तर, घर्षण सोडून दिलें तरी, वजनाच्या षष्ठांशाइतका, म्हणजे सुमारें ३२ किलोंचा जोर सतत लावावा लागतो. फळी सहा फुटांची घेतली कीं तोच जोर निम्म्यावर, १६ किलोंवर येतो. शिवाय आखूड फळीच्या टोंकाशीं गाडीचें पोट अडकण्याचें भय असतें. म्हणून लांब आणि जाड फळी घ्यावी, मध्यें खालून ठोकळ्याचा टेकू द्यावा, व वरचें टोंक उंबरठ्यास खिळ्यानें नव्हे तर बोल्टानें जखडावें. चाक चढूं लागतांच सुटी फळी मागें सरकते, आणि बहुतेक अपघात येथेंच होतात. ओल्या लांकडावर रबर घसरतें, यास्तव फळीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकण्याची तिकडील युक्ति चांगली आहे. दुसरी एक फळी शेजारीं हवी. ती गाडीसाठीं नव्हे, माणसाच्या पायांसाठीं.

खरी अडचण मात्र दारांत आहे, आणि ती आधीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. गाडी ढकलणारा मनुष्य डाव्या बाजूस चालतो. त्याचे दोन्ही हात हँडलवर, उजवीकडील ब्रेक बोटांखालीं. परंतु दारांतून एका वेळीं गाडी तरी जाईल किंवा मनुष्य तरी. हँडल चौकटीशीं आलें कीं त्याला मागें राहून बैठकीपाशीं धरून ढकलावें लागतें, म्हणजे ब्रेक सुटतो. आणि नेमक्या त्याच क्षणीं पुढचें चाक आंत व मागचें चाक चढावर असतें. गाडी अशी कलली तर ती सांवरणें एकट्याच्या हातचें नसतें. आणि ब्रेक हातीं असता तरी, मागें घसरणाऱ्या गाडीचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडत असल्यामुळें पुढचें चाक थांबूनहि फरफटत येतें. म्हणून खोपटाच्या आंत दुसरा मनुष्य असावा, त्यानें पुढून हँडल धरावें. दुसरा मनुष्य न मिळाल्यास दातेरी चाकाचा छोटा रहाट व दोर वापरावा. मात्र तो खोपटाच्या पातळ भिंतीस न बांधतां तळाच्या वाशास बांधावा. सर्वांत चांगलें म्हणजे दारासमोर गाडीच्या लांबीचा, उंबरठ्याच्या उंचीचा सपाट ओटाच करून घ्यावा; मग चढ आणि दार हीं दोन संकटें एकत्र येत नाहींत.

कित्येक लोक इंजिन चालू ठेवून, क्लच किंचित् सोडीत गाडीला आपल्या पायांनीं चढूं देतात. संवय असेल त्यानेंच हें करावें. क्लच चुकून सुटला तर गाडी मागची भिंत फोडून शेजाऱ्याच्या बागेंत जावयाची. शिवाय इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक ओढीनें त्यास धरून ठेवतें. बंद खोपटांत "जरा चालवून पाहूं" म्हणणाऱ्याला डोकें दुखूं लागल्यावर कळतें, आणि कधीं कधीं तेंहि कळत नाहीं.

आंत गेल्यावर बाजूच्या स्टँडखालीं जाड लांकडाचा तुकडा ठेवावा; नाहीं तर तेवढ्याशा टोंकावर येणारा भार पातळ फळी दाबून टाकतो. मधला स्टँड असल्यास टायर एकाच जागीं दबत नाहींत. गाडी प्लॅस्टिकनें मात्र गुंडाळूं नये : थंड धातूवर हवेंतील बाष्प दंव होऊन बसतें आणि आच्छादनाखालीं अडकून राहतें. हवा खेळेल असें कापड बरें. बॅटरी काढून घरांत आणावी. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडींतहि टिकते, उतरलेली सहज गोठून फुटते. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें ओल शोषून घेतें. म्हणून लोखंडी टाकी काठोकाठ भरावी आणि कार्ब्युरेटर असल्यास तो रिकामा करावा. हवेच्या नळीचें तोंड चिंधीनें बंद करावें, कारण उंदरांनाहि हिंवाळा असतोच. ती चिंधी तेथें आहे अशी चिठ्ठी हँडलला बांधावी.

गाडी रस्त्यावर नाहीं असें सरकारास रीतसर कळविलें तर तेवढ्या काळाचा कर वांचतो. १९९८ पासून तशी पद्धत आहे. चोरांना मात्र हें खोपटें म्हणजे कांड्यापेटीच. सांखळी फळ्यांना न बांधतां, खालीं काँक्रीट असेल तर फळीस भोंक पाडून त्यांत बसविलेल्या कड्यास बांधावी.

मार्चमध्यें गाडी उलटी, मागचें चाक आधीं, उतरवावी लागते. त्या वेळीं इंजिन बंद, पहिला गिअर पडलेला, आणि डाव्या हातांतील क्लच थोडा दाबला कीं गाडी वीतभर उतरते, सोडला कीं जागच्या जागीं थांबते.