साडेचार किलोंपासून नऊ हजार गाड्यांपर्यंत

अमेरिकेत गाडी वाहून नेणारा ट्रेलर घ्यायला गेलं की एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो: 9,990 पौंड. ट्रेलरचं स्वतःचं आणि त्यावर चढवलेल्या मालाचं मिळून कमाल वजन किती असावं, हे पुढच्या बाजूच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे सरळ 10,000 न लिहिता दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, कमी का? ट्रेलरचं मंजूर वजन 10,000 पौंडांच्या वर गेलं आणि ओढणाऱ्या वाहनासकट जोडीचं मंजूर वजन 26,001 पौंडांना पोचलं, तर धंद्यासाठी ती जोडी चालवायला व्यावसायिक परवाना लागतो. त्या रेषेच्या अलीकडे राहायचं म्हणून कारखानदार साडेचार किलोंचा हिशेब ठेवतात.

खरेदीदार मात्र पहिला प्रश्न विचारतो तो लांबीचा. गाडी उभी करायची फळी 18 फुटी आहे की 20 फुटी? माझी गाडी मावेल ना? प्रश्न चुकीचा नाही, पण गाडी मावली म्हणजे ट्रेलर योग्य ठरला असं होत नाही. वजन किती आणि ते कुठे बसलं आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. एका गाडीच्या ट्रेलरपासून नऊ हजार गाड्यांच्या जहाजापर्यंत हा नियम बदलत नाही.

आधी किती ते पाहू. सर्वांत जास्त दिसणारा ट्रेलर दोन ॲक्सलचा. प्रत्येक ॲक्सल 3,500 पौंडांचा, म्हणून पाटीवर 7,000 पौंड, अर्थात 3,175 किलो. उघडा ट्रेलर स्वतः साधारण 900 किलोंचा असतो, त्यामुळे गाडीसाठी 2,275 किलो उरतात. टोयोटा कोरोलाचं वजन 1,400 किलोंच्या आसपास आणि टेस्लाच्या मॉडेल वायचं 1,900 च्या घरात, तेव्हा दोन्ही आरामात बसतात. आता तेच ॲक्सल ठेवून वर भिंती आणि छप्पर चढवा. बंदिस्त ट्रेलरचं स्वतःचं वजन 1,500 किलोंच्या आसपास जातं आणि गाडीसाठी जेमतेम 1,675 किलो शिल्लक राहतात. लांबी, रुंदी, दार सगळं जमतं, टेस्ला आत सहज शिरते, आणि तरीही ट्रेलर सव्वादोनशे किलोंनी जादा लादलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

जीएमसीची विजेवर चालणारी हमर तर सुमारे 4,100 किलोंची आहे. तिची एकटी बॅटरी 1,300 किलोंहून जड, म्हणजे जवळजवळ एका कोरोलाइतकी. 9,990 पौंडांचा ट्रेलरही तिला पुरत नाही. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण 3,300 किलोच हाती राहतात. हमरसाठी 14,000 पौंडांचा, म्हणजे 6,350 किलोंचा ट्रेलर लागतो, आणि तो ओढायला तेवढाच दणकट पिकअप.

आता कुठे हा प्रश्न. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांड्यातून हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा. टेस्ला आणि उघडा ट्रेलर मिळून 2,800 किलो झाले, तर हा भार 280 ते 420 किलोंच्या दरम्यान असावा. समजा तो 340 किलो, म्हणजे 12 टक्के आहे. हिचपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर साडेचार मीटर धरा आणि गाडी फळीवर फक्त 30 सेंटिमीटर मागे सरकवा. हिचवरचा भार एकदम सव्वाशे किलोंनी उतरतो आणि 12 टक्क्यांचे साडेसात होतात. एवढ्याशा फरकाने ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो, आणि वेग वाढला की ते हेलकावे ओढणाऱ्या वाहनालाच फरफटवू शकतात. उलट गाडी फार पुढे घेतली तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

शिवाय हिचवरचे 340 किलो ओढणाऱ्या वाहनाच्या भारक्षमतेतून वजा होतात. एखाद्या एसयूव्हीची भारक्षमता 650 किलो असेल आणि आत चार मोठी माणसं मिळून 300 किलो भरत असतील, तर उरले दहा किलो. सामानाची एक बॅग ठेवली की मर्यादा ओलांडली. वाहन पाच टन ओढू शकतं असं जाहिरात सांगत असली, तरी आधी संपते ती ही भारक्षमता.

हे आकडे मी इतक्या कळकळीने का मांडतो, ते वेगाचं गणित सांगतं. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या 2,800 किलोंमध्ये जी ऊर्जा असते, तीच ते वजन 39 मीटरांवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून पडताना असते. म्हणून अमेरिकेच्या अनेक राज्यांत सुमारे 3,000 पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. गाडी बांधायच्या दोन इंची पट्ट्यांवर 10,000 पौंड लिहिलेलं असतं, पण तो पट्टा तुटण्याचा आकडा. वापरायचा आकडा 3,333 पौंड, एक तृतीयांश.

आता एक पायरी वर जाऊ. अमेरिकी महामार्गांवर नऊ-दहा गाड्या घेऊन जाणारे दुमजली ट्रक दिसतात. 2015 च्या कायद्याने त्यांना 80 फूट लांबीची मुभा मिळाली, शिवाय पुढे चार आणि मागे सहा फुटांपर्यंत गाड्या बाहेर काढता येतात. वजनाची मर्यादा मात्र 80,000 पौंडांवर, म्हणजे 36,287 किलोंवर तशीच आहे. रिकामा ट्रक-ट्रेलर 18 टनांचा धरला तर गाड्यांसाठी 18 टन राहतात. 1,900 किलोंच्या नऊ गाड्या बसतात. 2,400 किलोंच्या सातच, दोन जागा रिकाम्या ठेवून. गाड्या जड होत चालल्या आहेत, आणि इथेही लांबीच्या आधी वजन संपतं.

आपल्याकडे कोकण रेल्वेने 23 ऑगस्ट 2025 पासून कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा, म्हणजे गाड्या थेट वाघिणींवर चढवून नेण्याची सोय, सुरू केली. 20 वाघिणी, प्रत्येकीवर दोन, अशा 40 गाड्या एका फेरीत. समुद्रावर 2024 मध्ये आलेल्या ‘होएग ऑरोरा’ या जहाजाची क्षमता 9,100 गाड्यांची. साडेचार मीटरची एक, अशा त्या एकामागोमाग एक लावल्या तर 41 किलोमीटरची रांग होईल, सीएसएमटीपासून ठाणं ओलांडून पुढे जाणारी. त्या सगळ्या गाड्या किनाऱ्यावरून हलवायला नऊ गाड्यांचे हजाराहून अधिक ट्रक लागतील.

आणि तिथेही नियम तोच. 8 सप्टेंबर 2019 रोजी ‘गोल्डन रे’ हे 200 मीटर लांबीचं जहाज जॉर्जियातल्या ब्रन्सविक बंदरातून निघालं. पोटात चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. वळण घेताना ते कलंडलं. जहाजावरचे सगळे 24 जण वाचले, पण नुकसान 20 कोटी डॉलरांच्या वर गेलं आणि जहाजाचे आठ तुकडे करून ते काढावं लागलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण दिलं ते असं: तळाच्या टाक्यांमधल्या पाण्याचे आकडे स्थैर्याच्या हिशेबात चुकीचे भरले गेले होते. खाली जितकं वजन आहे असं समजलं गेलं, तितकं ते नव्हतं.

तेव्हा ट्रेलर निवडताना आधी कागद घ्या. गाडीचं खरं वजन, ट्रेलरचं रिकामं वजन आणि पाटीवरची मर्यादा लिहा. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याच्या बरीच खाली राहायला हवी. मग ओढणाऱ्या वाहनाची भारक्षमता काढा आणि त्यातून माणसं, सामान आणि हिचवरचा भार वजा करा. ट्रेलर घेतल्यावर पहिल्याच दिवशी गाडी चढवून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जा. तिथे प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं. गाडी फळीवर नेमकी कुठे उभी केल्यावर हिचवर 12 टक्के येतात ते ठरवा आणि तिथे रंगाने खूण करून ठेवा. फळीच्या लांबीची चौकशी त्यानंतर करा.