जुनी जीप, चालती जीप – भाग ६ : स्टिअरिंगची ढिलाई

मागच्या आठवड्यात कमानपाटे आणि त्यांचे बुश पाहिले. ते चांगले असूनही पांढरकवड्याहून महामार्गाला लागल्यावर पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं थरथरू लागतात. गाडी जवळपास थांबेपर्यंत ती थरथर जात नाही. शेतावरची महिंद्रा जीप असो की टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांना फिरवणारी जिप्सी, हा प्रकार दोन्हींत होतो.

महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली, तर मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. पुढची मांडणी मात्र एकाच जातीची: एकसंध अॅक्सल, कमानपाटे आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंत ड्रॅग लिंक व टाय रॉड. या दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट. प्रत्येक जॉइंट केसभर ढिला झाला तरी त्या सगळ्या ढिलाईची बेरीज चाकापाशी उतरते.

आपल्याकडे जॉइंट लवकर जातात ते काळ्या मातीमुळे. उन्हात जॉइंटवरचा रबरी बूट तडकतो, पावसाळ्यात पांदणीतला चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल गंजतो. चिखल धुतल्याशिवाय गाडी उभी केली की तो वाळून दगडासारखा होतो आणि चाक वळताना उरलासुरला बूटही फाडतो.

नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवा म्हणजे थरथर जाईल, असं बरेच जण सांगतात. मला हा सल्ला धोकादायक वाटतो. डॅम्पर थरथर दाबतो, झीज तशीच राहते आणि चालकाला तिची खबर लागत नाही.

आधी झीज शोधा. इंजिन बंद, गाडी सपाट जमिनीवर, चाकं जमिनीला टेकलेली. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. दांडा हलला आणि पुढचा आर्म उशिरा हलला, तर दोष तिथेच. बॉक्सचे बोल्ट आणि चॅसीचा तो भागही पाहा. तिथे बारीक तडा असू शकतो. मग चाक उचलून वर-खाली हलवा. चाक हललं तर ब्रेक दाबायला सांगा: ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आपल्या जमिनीत जॅक रुततो. खाली जाड फळी आणि चॅसीला स्टँड हवाच.

जुना जॉइंट काढताना आधी लॉकनट सैल करा आणि जॉइंट किती आटे फिरून बाहेर येतो ते मोजून लिहून ठेवा. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे विसरलात तर नुसता जोर लावत बसाल. निमुळता बॉल पिन आर्ममधून सुटत नसेल तर पुलर वापरा. पिनच्या आट्यांवर हातोडा मारू नका. नवा बसवताना स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट आणखी आवळून जुळवा, मागे कधीच फिरवू नका. स्प्लिट पिन नवीनच घाला. एक जॉइंट गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही बदला. दोनदा खोलण्याची मजुरी वाचते. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करून देणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. दांडाच बदला.

एवढं झाल्यावरच स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूला हात लावा. बॉक्स मध्यभागी सर्वांत जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून चाकं सरळ ठेवून, थोडंथोडंच आवळा. चाक वळवलेलं असताना आवळलं, तर मध्यावर बॉक्स घट्ट होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

शेवटी टो-इन. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची रेघ ओढा, हबच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर मोजा. पुढचं अंतर काही मिलिमीटरनं कमी हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात असतो. टाय रॉड फिरवून तो साधा आणि लॉकनट आवळा. आठवडाभर गाडी चालवून सगळे नट पुन्हा तपासा.

टिपेश्वरची सफारी पावसाळ्यात बंद असते. जिप्सीवाल्यांनी हे काम त्याच दिवसांत उरकावं. पुढच्या भागात किंगपिनचे शिम आणि बेअरिंग.