एका डोक्याला एक ब्लेड
(दाढी-मुंडणानंतरची आग कशी शमवावी?)

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत श्रामणेर शिबिरे भरतात. चीवर अंगावर येण्याआधी डोके आणि दाढी-मिशा उतरवल्या जातात. एका सकाळी वीस-पंचवीस जणांचे मुंडण उरकायचे असते. पाणी कमी, वेळ कमी, हात दोन-तीनच. मग दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोक्याची आग होते, कुणाच्या मानेवर पुरळ उठते, कुणाचा गळा लाल होतो. हाच त्रास घरी रोज दाढी करणाऱ्यांनाही होतो. सिक्युरिटीत, हॉटेलात, पोलिसात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना तर रोज गुळगुळीत दाढी करावीच लागते. काखेतले किंवा पायांवरचे केस ब्लेडने काढणाऱ्या भगिनींचीही तक्रार वेगळी नसते.

हा त्रास छोटा आहे म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, किंवा घाईने भलतेच काहीतरी चोळतो. दोन्हींमुळे नुकसान होते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

आग का होते?

ब्लेड फक्त केस कापत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा पातळ थरही ते खरवडते. या थरामुळे त्वचेतला ओलावा आत राहतो आणि जंतू बाहेर राहतात. कोरड्या त्वचेवर, बोथट ब्लेडने, दाबून, एकाच जागी चार-पाच वेळा फिरवले की हा थर जास्त निघतो. मग आग होते, त्वचा लाल होते, घाम लागला की चुरचुरते. म्हणजेच दाढीनंतरची आग ही डोळ्यांना न दिसणारी बारीक जखम आहे. जखमेशी जसे वागतो तसेच तिच्याशी वागावे.

तीन वेगवेगळे त्रास आपण एकच समजतो. ते ओळखता आले पाहिजेत.

पहिला, साधी आग. दाढीनंतर काही मिनिटांतच सुरू होते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप जाते.

दुसरा, आत वळलेले केस. ज्यांचे केस कुरळे आणि जाड असतात त्यांना हा त्रास जास्त होतो. कापलेल्या केसाचे टोक अणकुचीदार होते आणि वाढताना वळून पुन्हा त्वचेत शिरते. मग एक-दोन दिवसांनी गळ्यावर, जबड्याखाली कडक पुटकुळ्या येतात आणि नंतर काळे डाग राहतात.

तिसरा, केसांच्या मुळाशी जंतूंचा संसर्ग. पुटकुळीच्या टोकाला पांढरा-पिवळा पू दिसतो, मधोमध केस असतो आणि हात लावला की दुखते.

आग झाली तर काय करावे?

लगेच थंड पाणी घ्या. माठातले पाणी उत्तम. स्वच्छ सुती फडके त्यात बुडवून, पिळून, पाच-दहा मिनिटे त्या जागी ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा असे केले तरी चालते. नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नका, हलक्या हाताने टिपून घ्या.

त्वचा किंचित ओलसर असतानाच व्हॅसलिनचा किंवा बिनवासाच्या साध्या क्रीमचा पातळ थर लावा. खोबरेल तेलाचे दोन थेंबही पुरतात, पण ज्यांच्या तोंडावर मुरुमे येतात त्यांनी तेल टाळावे. कोरफड लावायची असेल तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक धुऊन टाका आणि आतला पारदर्शक गरच घ्या. तोही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर तोंडाला लावू नका.

आग पूर्ण थांबेपर्यंत त्या जागी पुन्हा ब्लेड लावू नका. हाच सर्वांत मोठा उपाय आहे आणि त्याला पैसेही लागत नाहीत. मुंडण केलेल्या डोक्याला काही दिवस कडक ऊन लागू देऊ नका.

केस आत वळले असतील तर पिन, सुई किंवा नखाने कोरू नका. तीन-चार आठवडे दाढी वाढू द्या, बहुतेक केस आपोआप बाहेर येतात. त्यानंतरही ब्लेडऐवजी ट्रिमर वापरून केसांचे बारीक खुंट ठेवले तर त्रास परत येत नाही. नोकरीवर गुळगुळीत दाढीची सक्ती असेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या आणि साहेबांना दाखवा.

काय लावू नये?

आफ्टरशेव्हमध्ये स्पिरिट असते. ते लावल्यावर जी जळजळ होते ती औषध लागू पडल्याची खूण नाही. डेटॉल पाण्यात न मिसळता तोंडाला लावू नये. लिंबू, टूथपेस्ट, चुना यांनी त्वचा आणखी भाजते. तुरटीने बारीक कापलेल्या ठिकाणचे रक्त थांबते हे खरे, पण आग होणाऱ्या सगळ्या तोंडावर ती घासू नये. आणि सलूनमधली तुरटी, जी सकाळपासून प्रत्येकाच्या तोंडावरून फिरलेली असते, ती तर अजिबात नको.

सर्वांत मोठा धोका मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या ट्यूबचा आहे. अनेक घरांत एक ट्यूब असते. नायट्याला तीच, पुरळाला तीच, दाढीच्या आगीला तीच, आणि 'गोरे दिसायला'ही तीच. ट्यूबवरचे नाव वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे शब्द असतील तर त्यात स्टेरॉइड आहे. लावले की दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस फसतो. पण महिनोन् महिने तोंडाला लावले तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते. थांबवले की आग दुप्पट होऊन परत येते. नायटा असेल तर तो वरून दबतो आणि आतून पसरतो. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस ही औषधे वापरायची असतात. काळे डाग हळूहळू काही महिन्यांत फिके होतात. रंग उजळवण्याच्या नादात त्वचा गमावू नका. आपल्या रंगात कमीपणा काही नाही.

एका ब्लेडने दोन माणसे नकोत

आग दोन दिवसांत जाते. पण दुसऱ्याच्या ब्लेडमधून आलेला आजार जन्मभर राहू शकतो. ब्लेडला लागलेले रक्त इतके थोडे असते की ते दिसतही नाही. हेपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीचा विषाणू, शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. हेपॅटायटिस सी हाही रक्तातूनच पसरतो. आजार असलेल्या माणसाला कित्येक वर्षे काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे तोंड बघून कुणाला आहे आणि कुणाला नाही हे कळत नाही. डेटॉलच्या पाण्यात ब्लेड क्षणभर बुडवल्याने हे विषाणू मरत नाहीत.

म्हणून घरातसुद्धा बापाचा रेझर मुलाने वापरू नये, भावाचा बहिणीने वापरू नये. सलूनमध्ये बसल्यावर 'दादा, नवीन ब्लेड लावा' असे सांगायला लाजू नका. पुडी आपल्यासमोर फोडलेली पाहा. कारागिराचा त्यात अपमान नाही, कारण त्याचे स्वतःचे बोटही त्याच ब्लेडने कापले जाऊ शकते.

हेपॅटायटिस बी वर लस आहे. बाळाला ती जन्मल्यावर २४ तासांच्या आत आणि नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींबरोबर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मोठ्यांसाठी सहा महिन्यांत तीन डोस असतात. सलून चालवणाऱ्या आपल्या मुलांनी ही लस डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी.

भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळायचे गाळणे यांच्याबरोबर वस्तराही आहे. म्हणजे प्रत्येक भिक्खूचा वस्तरा त्याचा स्वतःचा. शिबिराच्या संयोजकांनी एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुरे.

शिबिरासाठी आणि घरासाठी

१. आधी कात्रीने किंवा मशिनने केस बारीक करा. लांब केसांवर थेट वस्तरा चालवू नका.
२. कोमट पाण्याने केस दोन-तीन मिनिटे भिजू द्या. आंघोळीनंतरची वेळ सर्वांत चांगली.
३. फेस भरपूर करा. कपड्यांचा साबण वापरू नका.
४. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, न दाबता, छोटे-छोटे हात मारा. प्रत्येक वेळी ब्लेड पाण्यात धुवा.
५. प्रत्येकाला नवे ब्लेड. नावनोंदणीच्या वेळीच ब्लेड आणि छोटा टॉवेल घेऊन यायला सांगा. विसरणाऱ्यांसाठी एक पाकीट जादा ठेवा.
६. घरी स्वतःचे ब्लेड पाच-सहा दाढ्यांनंतर बदला. ते ओल्या मोरीत न ठेवता कोरड्या जागी ठेवा.
७. वापरलेले ब्लेड कचऱ्यात मोकळे टाकू नका. जुन्या पत्र्याच्या डब्यात जमवा, डबा भरला की झाकण चिकटवा आणि वर 'ब्लेड' असे लिहून द्या. तो कचरा उपसणारा हात बहुधा आपल्याच एखाद्या घरातला असतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल. कडा उठलेला, खाजणारा गोल चट्टा असेल. मानेमागे कडक गाठी वाढत असतील. किंवा आठवड्यात फरक पडला नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मधुमेह असलेल्यांनी पू दिसताच जावे. वरच्या ओठावरची किंवा नाकाजवळची पुळी कधीही फोडू नका, तिथला संसर्ग आत डोक्याकडे जाण्याचा धोका असतो. गंजलेल्या ब्लेडने खोल कापले तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आपल्या साताऱ्यातल्या बालपणाबद्दल लिहिले आहे. पैसे देण्याची ऐपत असूनही न्हावी अस्पृश्यांची हजामत करत नसे, म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीणच कापायची. आज आपण कुठल्याही सलूनच्या खुर्चीत हक्काने बसतो, आणि वस्त्या-वस्त्यांत आपली मुले स्वतःची सलून चालवतात. हा हक्क फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. त्या खुर्चीत बसून नवे ब्लेड मागणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हे पान मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वस्तीतल्या सलूनमध्येही एक प्रत द्यावी, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!