खेड शिवापूरच्या रांगेत

मार्चमधला रविवार. दुपारचे साडेचार वाजलेत. सातारा रस्त्याने पुण्याकडे येणाऱ्या गाड्या खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ एकामागून एक मंदावतात. डावीकडे सिंहगडाची डोंगररांग उन्हात धुरकट दिसते. समोर नुसती टपंच टपं. महाबळेश्वर, वाई, कराड, कोल्हापूर, सगळीकडची माणसं एकाच वेळी घरी परततायत.

चहाच्या टपरीपाशी गाडी लावून मी कडेकडेने चालायला लागतो. डांबराची धग चपलेतून तळव्यांना लागते. ट्रकच्या इंजिनाजवळून जाताना पोटऱ्या भाजतात. स्ट्रॉबेरीची खोकी हातावर तोलत दोन मुलं गाड्यांमधून वाट काढतायत. काच खाली येते, भाव होतो, काच वर जाते. एका गाडीत बाळ रडतंय आणि आई पुठ्ठ्याने त्याला वारा घालतेय. कडेच्या अरुंद पट्टीतून दुचाक्या न थांबता निघून जातात. त्यांना इथे टोल नाही.

पुढे भलामोठा फलक आहे. वर कार, टेम्पो, बस, ट्रक अशी उतरंड आणि प्रत्येकापुढे रक्कम. खाली सूट असलेल्या वाहनांची यादी: रुग्णवाहिका, अग्निशमन, शववाहिका. रांगेतलं कुणी तिकडे बघत नाही. मी थांबून वाचतो. एकेरी फेरीचा दर वेगळा. चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास. 2007-08 हे पायाभूत वर्ष धरून तो 150 रुपयांना ठरला, पुढे दरवर्षी वाढत गेला.

"काय लिहिलंय, साहेब?" शेजारच्या ट्रकमधून ड्रायव्हर विचारतो. केबिनमध्ये टॉवेल वाळत घातलाय. "हे दर ठरवतं कोण?"

मी 2008 च्या नियमांबद्दल सांगतो. चौपदरी किंवा त्याहून मोठ्या महामार्गावर कारला किलोमीटरमागे 65 पैसे, ही सुरुवात. मग दर 1 एप्रिलला तीन टक्के वाढ, शिवाय घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीचा 40 टक्के भाग.

"आणि पुलाचे?"

तो नुकताच सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडून आलाय, त्यामुळे प्रश्न रास्तच. मोठे पूल, बोगदे, उड्डाणपूल यांची लांबी हिशेबात दहापट धरली जायची. जुलै 2025 च्या दुरुस्तीने त्याला लगाम घातला. बांधकामाची दहापट लांबी अधिक उरलेला रस्ता, किंवा संपूर्ण टप्प्याच्या लांबीची पाचपट, यांतलं जे कमी भरेल ते धरायचं. 40 किलोमीटरचा टप्पा सगळाच पुलांचा असेल तर 400 ऐवजी 200 किलोमीटरचा टोल. ड्रायव्हर मान हलवतो. रांग सरकते, तो गिअर टाकतो.

आता बूथ. स्कार्फने तोंड बांधलेली एक मुलगी दोन लेनच्या मध्ये उभी आहे. एक जीप येते. बीप वाजत नाही, दांडी आडवीच राहते. मागून हॉर्न सुरू. मुलगी हातातलं यंत्र काचेवरच्या फास्टॅगपाशी नेते, जरा तिरकं धरते. बीप. दांडी वर.

पुढच्या गाडीचा टॅग चालत नाही.

"काका, रोख दिलेत तर दुप्पट. यूपीआयने सव्वापट."

हा नियम 15 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. 100 रुपयांच्या टोलला रोखीत 200, मोबाइलवरून 125. काका चष्मा कपाळावर सरकवून फोन शोधतात. कोड स्कॅन होतो, पडद्यावर चक्र फिरत राहतं. मुलगी उन्हात उभी. तिला दिवसभर मागच्यांचे हॉर्न ऐकायचेत आणि पुढच्यांचे प्रश्नही.

दंडाचा नियम इथे प्रत्येकाला ठाऊक झालाय. त्याच कायद्याची दुसरी बाजू मात्र फारच थोड्यांना माहीत असते. तुमचा टॅग वैध आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत आणि नाक्यावरचं यंत्रच बंद पडलंय, तर टोल न भरता जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. मे 2018 च्या दुरुस्तीने तो दिला. अशा वेळी शून्य रकमेची पावती द्यावी लागते.

टोल घेणाऱ्याला कायद्याने हक्क दिला, तसं बंधनही घातलंय. ते बंधन पाळलं जातंय का, हे आपणच बघायला हवं. पुढच्या वेळी रांगेत अडकलात तर काच खाली करून तो फलक एकदा शेवटपर्यंत वाचा. यंत्र बिघडलं असेल तर आवाज न चढवता, शांतपणे शून्याची पावती मागा.